बंगल्यातली मुले : अमेरिकन मिशनऱ्यांचा मराठी मुलखातला संसार

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एकटा माणूस उभा राहतो : अंगात लांब कोट, काखेत पुस्तक आणि चौकात जमलेल्या लोकांपुढे मोडक्या मराठीत चाललेले भाषण. परंतु मराठी मुलखात आलेले अमेरिकन मिशनरी बहुतेक सर्व संसारी लोक होते. त्यांच्या बंगल्यात पाळणा हलत होता, मुलांना गोवर येत होता, दूध नासत होते आणि महिनाअखेरीस पगार पुरत नव्हता. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल पुष्कळ वाद झाले आहेत आणि ते व्हावयास हवेत, पण हा लेख त्या वादाचा नाही. आईबापांनी स्वतःच्या श्रद्धेपायी जे परके गाव निवडले, तेथे त्यांच्या मुलांचे काय झाले, एवढाच येथे प्रश्न आहे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था १८१० साली स्थापन झाली. १८१२ च्या फेब्रुवारीत तिच्या पहिल्या मिशनऱ्यांची जहाजे अमेरिकेचा किनारा सोडून निघाली. त्यांतील हॅरिएट न्यूवेल ही मुलगी अवघी अठरा वर्षांची होती. तिचे मूल समुद्रावर जन्मले आणि समुद्रावरच गेले. पाठोपाठ ती स्वतः मॉरिशस बेटात वारली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. परत जाण्याचे हुकूमही निघाले. पण अखेर ते राहिले. पुढे १८३१ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे झाले आणि मग वडाळा, राहुरी, सोलापूर, सातारा असा हा पसारा वाढला. कोल्हापूरला १८५२ च्या सुमारास रॉयल वाइल्डर आले. ते ठाणे पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले.

या घरांचा दिवस कसा जात असेल? पाणी उकळून गाळून घ्यावयाचे, दूध समोर तापवून घ्यावयाचे, मच्छरदाणी खोचल्याशिवाय मूल निजवावयाचे नाही आणि उन्हात डोक्यावर जाड टोपी घातल्याशिवाय त्याला बाहेर सोडावयाचे नाही. सकाळी आई पाटी-पुस्तक घेऊन स्वतःच्या मुलांना तासभर शिकवणार आणि मग मिशनच्या शाळेत दुसऱ्यांच्या मुलींना शिकवावयास जाणार. हिवाळा आला की खेड्यापाड्यांचा दौरा. बैलगाडीत तंबू, भांडी, औषधांची पेटी आणि पोरे. मुलांचा तो सर्वांत आनंदाचा काळ असावा, कारण तंबूत अभ्यासाची शिस्त फारशी टिकत नाही. उन्हाळ्यात महाबळेश्वर. तेथे चार ठिकाणची कुटुंबे एकत्र येत आणि मुलांना वर्षातून एकदा आपल्या भाषेतले सवंगडी भेटत.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून माझे लक्ष त्यांच्या पगाराकडे गेले. मिशनरीचा पगार हा कामाचा मोबदला नव्हे, तर निर्वाहखर्च मानला जाई. म्हणून विद्वत्तेप्रमाणे किंवा कर्तबगारीप्रमाणे तो वाढत नसे; मुलांसाठी मात्र वेगळा भत्ता मिळे. आपल्याकडे महागाई भत्ता असतो, तसा तेथे मुलांचा भत्ता! ही पद्धत मला न्यायाची वाटते. पण हे लोक गरीब होते असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या मानाने पगार बेताचा असला, तरी त्यात इकडे स्वयंपाकी, माळी आणि आया ठेवता येत होती. शेजारच्या खेडुताच्या दृष्टीने बंगल्यातला साहेब हा साहेबच.

ही आया म्हणजे घरातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती, असे मला वाटते. आई शाळेत, बाप दौऱ्यावर. मूल दिवसभर आयाच्या कडेवर. साहजिकच त्याच्या तोंडून पहिले शब्द मराठी येत. बाप मुनशीपुढे बसून वर्षभर विभक्तिप्रत्यय घोकत होता. त्याच वेळी त्याचे दोन वर्षांचे पोर अंगणात 'मला नको', 'दे ना' असे बिनचूक बोलत होते. कोणत्याही आईबापांना याचा आनंद व्हावा. या आईबापांना आनंदाबरोबर धास्तीही वाटे. नोकरांकडून मूल शिव्या शिकेल, सणवार शिकेल, इथलेच होऊन बसेल ही ती धास्ती होती. येथे मला मोठी विसंगती दिसते. ज्या लोकांना आपल्या धर्मात घेऊन बंधू म्हणावयाचे, त्यांच्याच मुलांत आपले मूल फार मिसळू नये म्हणून कुंपण घालावयाचे! नव्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हे कुंपण दिसत नसेल असे म्हणवत नाही.

या धास्तीवर एकच उपाय ठरलेला होता : सहा-आठ वर्षांचे झाले की मूल अमेरिकेस धाडणे. प्रकृती हे दुसरे कारण. पटकी, देवी आणि हगवण यांनी या बंगल्यांत पुष्कळ पाळणे रिकामे केले. गॉर्डन हॉलच्या पत्नीने १८२५ साली दोन मुलगे घेऊन अमेरिकेची वाट धरली. त्यांतला एक वाटेतच गेला. दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये हॉल स्वतः नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने वारले. जो मुलगा वाचला त्याला बाप पुन्हा दिसला नाही.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तोपर्यंत आफ्रिकेला वळसा घालून जाण्यास चार-पाच महिने लागत. 'तुझा खोकला बरा झाला का?' असे आईने नगरहून लिहिले, तर उत्तर यावयास पाऊण वर्ष जाई. तोवर मुलाच्या अंगाला जुने कपडे होत नसत. मुले आजीआजोबांकडे, काकांकडे, नाही तर मिशनरींच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांत राहत. बोस्टनजवळ ऑबर्नडेल येथे असे एक नावाजलेले घर होते. सुट्टीवर परतलेल्या आईला स्टेशनवर आपले मूल ओळखू येऊ नये आणि मुलाने तिला पाहुणी समजून हात पुढे करावा, असे या व्यवस्थेत घडणारच.

हे केवळ अमेरिकनांचे नव्हते. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना किट्टेलचा कोश (१८९४) परिचित आहे. किट्टेल ज्या बासेल मिशनचे, त्या मिशनने आपल्या लोकांच्या मुलांसाठी बासेल शहरात १८५३ साली 'बालगृह'च काढले होते. त्याच मिशनमधील हेर्मान गुंडर्ट यांची मुलगी मारी हिचा जन्म मलबारात तलश्शेरीला १८४२ चा. चौथ्या वर्षाच्या सुमारास तिला युरोपात ठेवून आईबाप परत आले. 'सिद्धार्थ' (१९२२) ही कादंबरी लिहिणारे हेर्मान हेसे हे याच मारीचे चिरंजीव.

हवाई बेटांतील मिशनरी या ताटातुटीला लवकर कंटाळले व त्यांनी १८४१ सालीच पुनाहू येथे आपल्या मुलांसाठी शाळा काढली. आपल्याकडे उत्तरेस मसुरीला १८५४ मध्ये वुडस्टॉक शाळा सुरू झाली आणि दक्षिणेस कोडाईकनालला १९०१ मध्ये अमेरिकन मिशनरींची शाळा निघाली. मराठी मुलखातल्या मुलांना हाच मार्ग झाला. समुद्रापार जाण्याऐवजी आगगाडीने जावयाचे आणि लांब सुट्टीत घरी यावयाचे. कोडाईची लांब सुट्टी हिवाळ्यात असे, कारण उन्हाळ्यात आईबापच डोंगरावर येत. या शाळा प्रथम मुख्यतः गोऱ्या मुलांच्याच होत्या. अभ्यास असा की पुढे अमेरिकेतल्या कॉलेजात अडू नये. नगरचा मुलगा तेथे गेला की वर्गात इंग्रजी आणि बाजारात तमिळ. आयाने दिलेली मराठी सुट्टीपुरती उरे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती नियोगी यांची समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस त्यात होती. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भोपाळ झाली. पुढे परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे अवघड होत गेले आणि बंगल्यांतली अमेरिकन कुटुंबे हळूहळू कमी झाली.

नेमक्या याच दशकात जॉन व रूथ युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य आपली तीन मुले घेऊन भारतात संशोधनास आले. येथे राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांत त्यांना असे दिसले की ही माणसे ना पुरती अमेरिकन रीतीने राहतात, ना भारतीय. दोहोंच्या मध्ये त्यांची तिसरीच रीत तयार होते. अशा घरात वाढणाऱ्या मुलांना रूथबाईंनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले. आज जगभर हा शब्द वापरतात. त्याचे मूळ आपल्या देशातल्या बंगल्यांत आहे.

मला या विषयाची ओढ का लागली, हे सांगितले पाहिजे. वडिलांची बदली झाल्यामुळे दोन वर्षांपासून आमचे बिऱ्हाड भोपाळला आहे, आणि हा लेखही सुट्टीत तेथेच लिहिला. माझी धाकटी बहीण दुसरीत आहे. ती 'आई, मी पानी पिऊन घेते' म्हणते आणि भांडताना तर सरळ हिंदीवर येते. तिला बेळगावला आजीकडे ठेवून माझ्यासारखे मराठी शाळेत घालावे, असे वडिलांचे मत. आईचे म्हणणे, मूल नजरेआड करून भाषा राखावयाची तर ती भाषा बोलावयाची कोणाशी? रोज जेवताना हा वाद होतो. तो अजून मिटलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी नगरच्या बंगल्यात रात्री दिवा मालवल्यावर हेच बोलणे इंग्रजीत चालत असणार.

मग त्या मुलांचे पुढे काय झाले? पुष्कळजण अमेरिकेत रमले आणि त्यांचा मागमूस राहिला नाही. परंतु परत येणाऱ्यांची संख्याही लक्षात येण्याजोगी आहे. कोल्हापूरला १८६३ साली जन्मलेले रॉबर्ट वाइल्डर अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीचे अध्वर्यू झाले आणि काही वर्षे पुन्हा हिंदुस्थानात येऊन राहिले. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले. ते सात वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेस निघाले आणि वडील वाटेत समुद्रावरच वारले. आईने मुलांना मॅसॅच्युसेट्समध्ये वाढवले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन हा मुलगा १८७४ मध्ये नगरला परत आला आणि जवळजवळ पन्नास वर्षे राहिला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना भेटणारे डॉ. ह्यूम ते हेच. त्यांची मुलगी रूथ नगरलाच डॉक्टर झाली. त्यांचे पुतणे रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांचाही जन्म मुंबईचा. ज्यांच्या आजोबांनी येथे येऊन हिंदू धर्माविरुद्ध प्रचार केला, त्या नातवाने तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर करून १९२१ साली प्रसिद्ध केले.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते जस्टिन ॲबट. त्यांचे वडील नगर भागात मिशनरी होते, त्यामुळे मुलाच्या लहानपणाची काही वर्षे मराठी मुलखातच गेली. पुढे शिक्षण अमेरिकेत. १८८१ मध्ये ते मिशनरी म्हणून परत आले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. १९१० मध्ये ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. आता प्रचारही नव्हता आणि बोर्डाला अहवालही पाठवावयाचा नव्हता. तेव्हा न्यू जर्सीतल्या समिट गावी बसून त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींवर इंग्रजी ग्रंथमाला काढली. १९२६ साली भानुदास आले, मग एकनाथ, १९२९ मध्ये बहिणाबाई, १९३० मध्ये तुकाराम. १९३२ मध्ये रामदास प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ॲबट वारले. महिपतीच्या 'भक्तविजया'चे भाषांतर त्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केले होते. ते त्यांच्या पश्चात छापले गेले.