कचऱ्याची फारकत

कचरा म्हणजे काय, असा प्रश्न विचारला तर बहुतेक घरांतून ‘टाकाऊ वस्तू’ असें उत्तर मिळेल. हें उत्तर सोपें असलें तरी पुरतें खरें नाहीं. मटारचीं टरफलें, केळ्याची साल, चहाचा चोथा, जुनें वर्तमानपत्र, औषधाची रिकामी बाटली, दुधाची पिशवी ह्यांतील एकहि वस्तु मूळची निरुपयोगी नाहीं. सालीचोथ्याचें खत होतें. कागद, कांच व प्लास्टिक ह्यांना गिऱ्हाईक असतें. परंतु ह्या सर्व वस्तू एकाच बादलींत पडल्या आणि त्यांवर कालची उरलेली आमटी ओतली, कीं त्याच क्षणीं सर्वांचें मोल जातें. कागद भिजतो, बाटली बरबटते, सालींत कांचेचे तुकडे शिरतात. तेव्हां कचरा हा वस्तूंचा गुण नसून त्यांच्या भेसळीचा परिणाम आहे, असें म्हणणें अधिक योग्य होईल.

ही भेसळ घरांत होते. तिचे परिणाम मात्र दूर कोठें तरी भोगावे लागतात. मुंबईचा कचरा देवनार येथें १९२७ सालापासून पडत आला. तेथें जानेवारी २०१६ च्या अखेरीस मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर पसरत राहिला व आसपासच्या कांहीं शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा अनेक वर्षें उरुळी देवाची आणि फुरसुंगी ह्या गांवांच्या शिवारांत पडला. तेथील विहिरींचें पाणी नासलें, आणि २०१४ सालीं ग्रामस्थांनीं कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. शहरांतील माणसानें बादली रिकामी केली, कीं त्याची चिंता संपते. ज्यांच्या विहिरीपर्यंत ती बादली पोंचते, त्यांची तेथून सुरू होते.

असें कां घडतें, तें समजून घेणें अवघड नाहीं. ओला पदार्थ सूक्ष्म जंतूंमुळें कुजतो; पण कुजण्याच्या दोन रीती आहेत. हवा खेळती असेल तर एका जातीचे जंतु काम करतात. ढीग ऊन होतो, दुर्गंधि फारशी सुटत नाहीं, व अखेरीस काळसर, भुसभुशीत खत उरतें. हवा कोंडली तर दुसऱ्या जातीचे जंतु प्रबळ होऊन मिथेन वायु तयार होतो. हा वायु पेट घेणारा आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबानें पाहिल्यास पृथ्वीभोंवतीं उष्णता धरून ठेवण्याची त्याची शक्ति तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट भरते. उंच ढिगाच्या पोटांत हवा पोंचत नाहीं, म्हणून तेथें ही दुसरी रीतच चालते. कुजतांना सुटणारें पाणी वाटेंत पडलेल्या बॅटऱ्या, रंग व औषधें ह्यांतील विषारी अंश घेऊन जमिनींत उतरतें. शहरी घरांच्या कचऱ्यांत वजनानें निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो घरींच जिरला, तर ह्या अनर्थाचें मूळच तुटतें.

खत करण्याची विद्या ह्या देशाला नवी नाहीं. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनीं काडीकचरा, शेण, माती व राख ह्यांचे थर रचून, वेळोवेळीं ढीग उलटून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत मिळविण्याची पद्धति बसविली, आणि १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ‘इंदूर पद्धति’ ह्या नांवानें ती देशोदेशीं गेली. शहरांतल्या दोन खोल्यांत शेणाचा ढीग रचतां येणार नाहीं हें खरें. पण तत्त्व तेंच ठेवून कुंडीवर काम भागतें.

तळाशीं व कडेला भोकें असलेली मातीची मोठी कुंडी घ्यावी. तळाशीं नारळाच्या शेंड्या पसरून त्यांवर थोडें जुनें खत, किंवा आंबट ताक शिंपडलेली माती घालावी. रोजच्या साली व देठ बारीक चिरून टाकावे, आणि प्रत्येक वेळीं तितकाच, किंबहुना थोडा अधिक, सुका पालापाचोळा वर पसरावा. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो येथेंच. पाला घालावयाचा राहून जातो. सालींत नत्र अधिक, वाळल्या पानांत कर्ब अधिक. दोहोंचा मेळ बसला तरच जंतूंना नीट आहार मिळतो, आणि पानांमुळें हवेलाहि वाट राहते. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. आठवड्यांतून दोनदां काठीनें ढवळावें. घाण येऊं लागली तर पाणी अधिक झालें किंवा हवा कमी पडली असें समजावें. पाला घालून ढवळलें, कीं ती जाते. मासळीचे कांटे, हाडें व तेलकट रस्सा कुंडींत घालूं नये, उंदीर येतात. एक कुंडी भरली म्हणजे झांकून ठेवून दुसरी सुरू करावी. दोन-तीन महिन्यांत पहिलीतलें खत तुळशीला घालण्याजोगें होतें.

सुक्या कचऱ्याला शिस्त एकच: तो कोरडा व स्वच्छ असावा. दुधाची पिशवी विसळून वाळवावी, आणि उघडतांना तिचा कोपरा कापून वेगळा करूं नये; तो इवलासा तुकडा पुढें कोणाच्याच हातीं लागत नाहीं. फुटलेली कांच, दाढीचीं पातीं, सुया व रक्तानें माखलेले कपडे वर्तमानपत्रांत गुंडाळून, वर लाल खूण करून, निराळे द्यावे. ओला, सुका आणि घातक अशी ही फारकत २०१६ च्या नियमांनीं प्रत्येक घरावर बंधनकारक केली.

नियमाहूनहि मोठें कारण एक आहे. कचरा वेंचून पोट भरणाऱ्या स्त्रिया शहराची केवढी सेवा करतात, हें फार काळ कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. पुण्यांत १९९३ सालीं कागद कांच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हां त्यांच्या श्रमांना संघटनेचें बळ मिळालें. त्यांतूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशीं २००८ सालीं महानगरपालिकेनें दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. ज्या घरांत फारकत होत नाहीं, त्या घराची फारकत ह्याच स्त्रियांना बोटांनीं करावी लागते. आणि न गुंडाळलेलें पातें त्यांच्याच हातांत शिरतें.

‘गाडींत पुन्हां सारें एकत्रच होतें, मग घरीं वेगळें करून काय उपयोग?’ असा आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. पुष्कळ ठिकाणीं गाडींत तसें होतें, हें नाकारतां येत नाहीं. पण जी साल कुंडींत गेली, ती गाडीपर्यंत जातच नाहीं. आणि जी रद्दी विकली, तीहि जात नाहीं. ह्या दोन गोष्टींना कोणाच्या व्यवस्थेची वाट पाहावी लागत नाहीं. ओट्याखालीं एकाऐवजीं दोन डबे ठेवावे, आणि साल सुरीखालून सुटतांच ती तिच्या डब्यांत जावी, एवढेंच घरानें करावयाचें आहे. त्या घटकेला हें काम क्षणाचें असतें. दुसऱ्या दिवशीं तें कोणा दुसऱ्याचें, आणि दिवसभराचें होऊन बसतें.