वावराच्या कागदातला पणजा

"सखाराम वल्द तुकाराम, कौम कुणबी, सा. देह."

मध्यप्रदेशातल्या सौसर तहसिलीतल्या एखाद्या मौज्याच्या, म्हणजे गावाच्या, जुन्या कागदाची नक्कल काढली की अशा घडणीची ओळ समोर येते. नाव मी नमुन्यादाखल घेतलं आहे, ओळीची चाल मात्र हीच. पहिल्यांदा वाचणारा बहुधा 'देह' नावाचं गाव नकाशावर शोधू लागतो आणि ते काही सापडत नाही. कौम म्हणजे जात, आणि 'सा. देह' म्हणजे 'साकिन देह', हे फारसीतून आलेलं दप्तरी बोलणं आहे. साकिन म्हणजे राहणारा आणि देह म्हणजे गाव, म्हणून 'राहणार याच गावचा'. मराठी कानाला देह म्हणजे शरीर, आणि इथे तोच शब्द गाव होऊन येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी शाई सुकायच्या आत पटवाऱ्याने दोन शब्दांत लिहून ठेवलं होतं की हा माणूस बाहेरचा नव्हे, इथलाच. मला या दोन शब्दांचं अजून नवल वाटतं.

पांढुर्णा-सौसरच्या कुठल्याही घरी आज्याचं नाव विचारा, लगेच मिळेल. पणज्याचं नाव आजी थोडं थांबून सांगेल. त्यापलीकडे विचारलं की घर गप्प होतं. माणसं विसरली म्हणून नव्हे, नावं सांभाळण्याचं काम घराचं कधी नव्हतंच. ते काम दुसरीकडे कुणीतरी करत होतं. कोण, आणि कशासाठी, हा शोध खुद्द पूर्वजाइतकाच रंगतो.

असा शोध घेण्याचा नाद अमेरिकेत मोठा आहे. तिथला माणूस पहिल्यांदा जनगणनेकडे वळतो. १७९० साली तिथे पहिली जनगणना झाली, आणि त्या पत्रकांवर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकीचे सगळे रकान्यांतले आकडे. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहू लागले. पत्रकं ७२ वर्षं कुलपात राहतात आणि मग सर्वांसाठी उघडतात. १९५० सालची पत्रकं १ एप्रिल २०२२ रोजी उघडली, तेव्हा कितीतरी लोकांनी आपल्या आजीला लहान मुलगी म्हणून त्या यादीत पाहिलं. जनगणनेत माणूस सापडला नाही तर तिथला शोधक जमिनीच्या खरेदीखतांकडे जातो, आणि मग मृत्युपत्रांच्या न्यायालयाकडे. माणूस मेला की त्याच्या घरातली गाय, नांगर, भांडीकुंडी सगळं मोजून यादी होई.

आपण त्याच वाटेने निघालो तर पहिल्याच वळणावर वाट बंद होते. आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि तिथे १८६६ च्या नोव्हेंबरात जनगणना झाली. पुढे १८७२ ची आली आणि १८८१ पासून तर देशभर एकाच वेळी माणसं मोजली जाऊ लागली. म्हणजे सखारामचा बाप मोजला गेलाच. प्रगणक त्याच्या ओसरीवर येऊन बसला असेल. पण बेरजा झाल्या, तक्ते छापले गेले, आणि मूळ पत्रकांचं काम संपलं. आज तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की जनगणनेची नोंद कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. सरकारने तुमच्या खापरपणज्याला मोजलं, त्याचा आकडा जपला आणि नाव सोडून दिलं.

मग नाव कुठे राहिलं? जिथे पैसा गुंतला होता तिथे.

सौसरचा हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी वारले, आणि १८५४ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला. छिंदवाडा जिल्ह्याचे तेव्हा दोन भाग मानत, घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा जेरघाट. सौसर या जेरघाटात. काळी जमीन, कापूस, मराठी बोली. भोसल्यांच्या काळात पाटील गाव मक्त्याने घेई, सारा गोळा करी आणि भरी. इंग्रजांनी १८६० च्या दशकात बंदोबस्त केला तेव्हा अशा लोकांना मालगुजार म्हणून गावाची मालकीच दिली. आता सारा ठरवायचा तर कोणाकडे किती जमीन हे कळायला हवं. म्हणून जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, घेऊन माणसं वावरावावरांतून फिरली. प्रत्येक तुकड्याला नंबर पडला, गावाचा नकाशा झाला, आणि प्रत्येक नंबरापुढे कसणाऱ्याचं नाव आलं. या सगळ्या बाडाला बंदोबस्ताची मिसल म्हणतात. सारा बुडू नये एवढ्यासाठी हे केलं होतं, आणि त्यातूनच लाखो शेतकऱ्यांची नावं जन्मात पहिल्यांदा कागदावर आली.

नाव मिळालं की त्याच्या शेजारचा शब्दही वाचायचा. 'मौरूसी' असेल तर हा काश्तकार वहिवाटीच्या हक्काने बसलेला, त्याला सहज उठवता येत नसे. 'मालिक मकबुजा' असेल तर गाव मालगुजाराचं असूनही एवढा तुकडा याच्या स्वतःच्या मालकीचा. 'सीर' म्हणजे मालगुजाराच्या घरची शेती. घरात सांगत आलेत की आपण मालगुजार होतो, आणि कागद म्हणतो मौरूसी, असंही होतं. उलटही होतं. मिसलीबरोबर 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद असे, त्यात गावच्या चालीरीती लिहिलेल्या असत. गुरं कुठे चरतील, मोहाची झाडं कुणाची, कोतवालाला धान्य किती द्यायचं. पूर्वजाचं नाव या कागदात बहुधा नसतं, पण तो ज्या गावात उठत-बसत होता ते गाव इथे भेटतं. शोधणाऱ्याने तो वगळू नये असं मला मनापासून वाटतं.

शोध उलटा करायचा असतो, आजपासून मागे. मध्यप्रदेशात आज खसरा आणि बी-१ हे जमिनीचे उतारे मिळतात, त्यांत तुमच्या बापाचं नाव 'भूमिस्वामी' म्हणून असेल. हा शब्द १९५० च्या दशकातल्या भू-राजस्व कायद्यांचा. त्याआधी ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. बंदोबस्त झाला की वावरांचे नंबर बदलत, म्हणून जुना आणि नवा नंबर यांचा मेळ घालणारी यादी मागायची. ती हाताशी असली की धुरा धरून चालल्यासारखं मागे जाता येतं.

आणि इथेच मोठी फसगत होते. जुन्या कागदांत आडनावं फार थोडी. वल्द म्हणजे 'चा मुलगा', आणि ओळख तेवढ्यावरच. त्यात आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत. सखाराम वल्द तुकाराम, त्याचा मुलगा तुकाराम वल्द सखाराम, त्याचा पुन्हा सखाराम वल्द तुकाराम. शिडीच्या पायऱ्या सारख्याच, नेमक्या कुठल्या पायरीवर उभे आहोत ते कळेना. अशा वेळी नावापेक्षा रकबा, म्हणजे क्षेत्रफळ, आणि नंबर जास्त खरे. माणसं एकमेकांसारखी दिसतात, वावर सहसा दिसत नाही.

सनाचंही तसंच. कागदावर 'फसली' असेल तर थांबायचं. उत्तरेकडच्या फसली सनात ५९२ किंवा ५९३ मिळवले की इसवी सन येतो, दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१. सौसर नेमकं उत्तर आणि दख्खन यांच्या उंबरठ्यावर बसलेलं. दोन वर्षांच्या फरकाने बाप मुलाच्या जन्माआधी मेलेला दिसू शकतो. शेजारच्या एखाद्या नोंदीवर इसवी तारीख असेल तर तिच्यावरून हिशेब लावून घ्यावा.

अमेरिकेतल्या मृत्युपत्राच्या न्यायालयाचं काम आपल्याकडे एका शब्दाने केलं, 'फौती'. शेतकऱ्याने मृत्युपत्र करायची पद्धत गावात नव्हतीच. माणूस गेला की पटवाऱ्याकडे फौतीची नोंद होई आणि वावर वारसांच्या नावे चढे. एका फौतीत सगळं घर ओळीने उभं राहतं, थोरला, मधला, धाकटा. धाकट्यापुढे 'नाबालिग' असेल तर बाप अकाली गेला. आणि कधीकधी अशी ओळ येते: 'मु. राधा बेवा सखाराम'. मराठी माणूस 'मु.' वाचून मुक्काम समजतो. इथे तो 'मुसम्मात' आहे, स्त्रीच्या नावाआधी लावायचा दप्तरी शब्द. राधा, सखारामची विधवा. बायको म्हणून असेल तर 'जौजे'. या कागदांत बाई येते ती बहुतेक नवरा गेल्यावरच. मुली तर जवळजवळ येतच नाहीत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातली २००५ ची दुरुस्ती यांच्यानंतरच्या फौतीत बहिणींची नावं दिसू लागतात. आधीच्या पिढ्यांतल्या आत्या-पणजींची नावं या वाटेने मिळणार नाहीत.

ज्याला वावरच नव्हतं त्याचं काय? अमेरिकेतही या प्रश्नाशी शोध अडतो. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची पत्रकं वेगळी होती. त्यांत मालकाचं नाव, आणि खाली गुलामांचं वय, लिंग, रंग. नावं नाहीत. म्हणून त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जाताना पूर्वजाचं नाव मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत शोधावं लागतं, गुराढोरांच्या शेजारी, किमतीसकट.

आपल्याकडे भूमिहीनाचं नाव राखलं ते कोतवालाच्या वहीने. कोतवाल हा गावच्या उतरंडीतला सर्वांत खालचा चाकर, नागपूरकडे बहुधा महार समाजाचा. गावात जन्म-मरण झालं की ते ठाण्यावर कळवायचं काम त्याचं. स्वतःला लिहिता येत नसेल तर तो तोंडी सांगे, वहीत दुसरा कोणी लिही. या वहीला सारा ठाऊक नाही. मालगुजाराचं पोर आणि मजुराचं पोर तिच्यात एकाच ओळीचं. ज्या माणसाला पंगतीत जागा नव्हती, त्याच्या काखेतल्या वहीत साऱ्या गावाला जागा मिळाली. आज जातीच्या दाखल्यासाठी विदर्भात लोक कोतवाल बुकाची नक्कल शोधत फिरतात ते याच कारणाने.

ही वही वाचायला धीर लागतो. नोंद मोडीत असू शकते. मरणाचं कारण विचाराल तर पटकी, देवी, हगवण आणि 'ताप'. ज्याचं निदान झालं नाही ते सगळं तापात जाई. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्यप्रांतात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ भयंकर आली. त्या महिन्यांची वही मिळाली तर आधी नुसती ओळींची गर्दी पाहावी. एकाच घरात आठवड्याभरात दोन-तीन नोंदी दिसल्या तर आपल्या घरात 'आजीला माहेरच उरलं नव्हतं' हे वाक्य कुठून आलं ते उमगतं.

कागद सापडणार कुठे, हेही सरळ नाही. पांढुर्ण्याचा पूर्वज जुन्या दप्तरात सौसर तहसिलीत आणि छिंदवाडा जिल्ह्यात शोधायचा, कारण पांढुर्णा जिल्हा झाला तो २०२३ च्या ऑक्टोबरात. त्यामुळे छिंदवाड्याच्या रेकॉर्ड रूमची पायरी आधी चढावी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, म्हणून वरच्या कचेऱ्यांचे कागद नागपूरच्या अभिलेखागारातही पाहावेत. आणि मौजा नीट ठरवावा. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडफेकीची गोटमार होते ती याच दोघांत. आज वस्ती सलग दिसते, पण कागदात मौजे दोन, म्हणून शोधही दोनदा.

सरकारच्या बाहेरही वह्या आहेत. आजा कधी गयेला, नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेला असेल तर तीर्थोपाध्यायाच्या वहीत, नामावळीत, त्याने आपल्या कुळाची नावं सांगून ठेवली असतील. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने काढून नेली आहेत.

नामावळीतला आजा स्वतः बोलला होता. कोतवालाच्या वहीत दुसराच कुणीतरी त्याच्याविषयी सांगतो, आणि तेही अर्धंच. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारशाच्या आधीच कोतवाल ठाण्यावर जाऊन आलेला असतो. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे फक्त 'मुलगा'. ही ओळ बाजूला ठेवायची. मग त्याच मौज्याचा खसरा घ्यायचा, वीस-पंचवीस वर्षं पुढे यायचं, आणि त्या बापाची फौती शोधायची. वारसांत वयाने नेमका बसणारा एकजण असतो. रकबा तोच, नंबर तोच. त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, सा. देह.