एस.टी.चा सवलतीचा पास आणि प्राथमिक शिक्षक

आपल्याकडील पुष्कळ खेड्यांत शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. पुढे शिकावयाचे म्हणजे बाहेरगावी जाणे आले, व जाणे म्हटले की एस.टी.चे भाडे आले. शिक्षणास फी नाही हे शेतमजूर पालकास ठाऊक असते. परंतु शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्यास पैसे पडतात, हे त्यास अधिक ठाऊक असते.

राज्य मार्ग परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सूट देते. म्हणजे भाड्याचा एक-तृतीयांश भागच भरावयाचा. ग्रामीण भागातील ५ वी ते १२ वीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास विनामूल्य मिळतो. समजा, आठवीतील मुलाचे एका बाजूचे भाडे १५ रुपये आहे व शाळा महिन्यात २४ दिवस भरते. रोज तिकीट काढल्यास ७२० रुपये होतात. सवलतीच्या प्रमाणाने सुमारे २४०. त्याच्या बहिणीस काहीच नाही. १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट झाले आहे, म्हणून मुलीच्या पासाची गरज उरली नाही असे मात्र कोणी समजू नये. अर्धे म्हणजे फुकट नव्हे!

खरी अडचण जूनमध्ये येते. पास हाती येईपर्यंत तिकीट रोख काढावे लागते, आणि पेरणीच्या दिवसांत घरात रोकड नसते. मग मूल 'पास येईपर्यंत' घरी राहते. घरी राहिलेले मूल शेतावर जाते, आणि शेतावर रुळलेले मूल परत आणणे किती कठीण, हे आपणांस सांगावयास नको. जून २०२४ पासून महामंडळाने पास शाळेतच देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी शाळेने आपल्या विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे पाठवावयाची असते. ही यादी नव्या शाळेची खरी. परंतु कोणते मूल कोणत्या थांब्यावरून येणार, हे जुन्या शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार? शाळा सोडल्याचा दाखला देतानाच मुलाचे नाव, गाव व थांबा लिहून नव्या मुख्याध्यापकांकडे पोहोचता करावा. पालकांकडून छायाचित्रही त्याच वेळी मागून घ्यावे.

गाडी शाळेच्या वेळेस जुळत नसल्यास पास असूनही उपयोग नाही. अशा ठिकाणी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ नमूद करून, तो आगार व्यवस्थापकांकडे मे महिन्यातच द्यावा.