रीसलिंग

रीसलिंग ही पांढऱ्या द्राक्षांची एक जर्मन जात असून, तिच्यापासून तयार होणारी वाइनही याच नावाने ओळखली जाते. हिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इ.स. १४३५ मधील असून तो जर्मनीतील रुसेल्सहाइम येथील आहे. महाराष्ट्रात नाशिकची सुला विनयार्ड्स ही कंपनी रीसलिंग वाइन तयार करते.

कोरडी वाइन

जर्मन वाइन गोडच असते, हा समज चुकीचा आहे. द्राक्षरस आंबताना त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. ते जवळजवळ पूर्ण झाल्यास वाइन कोरडी होते. बाटलीवर तिला ‘ट्रोकन’ म्हणतात. तिच्यात दर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, तर आम्लता पुरेशी असल्यास ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे अर्धकोरडी. थंड हवामानामुळे द्राक्षांतील आम्लता टिकून राहते. लिंबू, हिरवे सफरचंद यांसारखा स्वाद हे या वाइनचे वैशिष्ट्य होय. जुन्या वाइनला काहीसा रॉकेलसारखा वास येतो; तो दोष मानला जात नाही.

अनुरूप खाद्यपदार्थ

तळलेल्या माशावर लिंबू पिळल्याने तेलकटपणा कमी जाणवतो. कोरड्या रीसलिंगची आम्लता तेच कार्य करते. त्यामुळे मासे, कोळंबी, कोंबडी व डुकराचे मांस यांच्याशी ती जुळते. शाकाहारी पदार्थांपैकी कोथिंबीर वडी किंवा अळूवडी तिच्यासोबत रुचते. मद्यार्कामुळे मिरचीचा दाह वाढतो, तर साखरेमुळे तो सौम्य होतो. म्हणून मराठवाड्यातील झणझणीत रश्श्यासोबत अर्धकोरडी वाइन अधिक योग्य ठरते. ही वाइन थंड करून देतात.