अंगठ्याखालची फिरकी

पाण्याकाठची यंत्रे : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण स्थिर फिरकीचे रीळ उघडून पाहिले. शिसे फेकले जाते तेव्हा त्यातली फिरकी जागची हलत नाही. तंगूस तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटत जातो. कोकणात आणि गोव्यात खडकांवर उभे राहून गरवणाऱ्यांच्या काठीला बहुधा हेच रीळ दिसते, कारण ते नवशिक्याला फारसा त्रास देत नाही. मल्टिप्लायरचे तसे नाही. त्यात शिसे झेपावले की अख्खी फिरकी गरगर फिरू लागते आणि तंगूस तिच्यावरून सरळ सुटतो. दूर फेकण्यासाठी आणि मोठा मासा ओढून आणण्यासाठी त्याची ख्याती आहे. पहिल्याच फेकीत होणाऱ्या गुंत्यासाठीही आहे.

हा गुंता होतो तो दोन वेगांच्या तफावतीमुळे. शिसे हवेतून जाताना क्षणोक्षणी मंदावत असते. फिरकीला मात्र आपल्याच वजनामुळे गती टिकवायची असते. शिसे मागेल त्यापेक्षा जास्त तंगूस फिरकीने दिला, की जादाचा तंगूस तिच्यावर सैल होऊन फुगतो, पुढच्या फेऱ्यात खाली ओढला जातो आणि गच्च अडकतो. पतंग उडवणाऱ्यांना हे नवे नाही. ताण संपला तरी चक्री फिरत राहिली, तर मांजाचे काय होते ते त्यांनी पाहिलेले असते. रिळात हेच कितीतरी वेगाने घडते. भरलेल्या फिरकीचा व्यास ४ सेंटीमीटर आणि शिशाचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर फिरकीचे सेकंदाला तीनशेहून अधिक फेरे होतात.

गंमत अशी, की फिरकी इतकी मोकळी फिरावी म्हणून माणसांनी मुद्दाम खटपट केली. मल्टिप्लायर रिळे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच विकली जात होती. पण ती मुख्यतः तंगूस भरभर गुंडाळण्यासाठी होती. त्यांना फेकण्याजोगे केले अमेरिकेतल्या केंटकीच्या घड्याळजींनी. पॅरिस नावाच्या तिथल्या गावी जॉर्ज स्नायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे रीळ घडवले. मग केंटकीतल्याच फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी त्या कारागिरीला नाव मिळवून दिले. घड्याळातले बारीक दात्यांचे काम इथे उपयोगी पडले. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे चार फेरे होत, आणि मूठ सोडली की फिरकी जवळपास विनाअडथळा धावे.

आणि तिथूनच तिला आवरण्याची खटपट सुरू झाली.

ती खटपट पुढे नेणाऱ्यांत पुन्हा घड्याळेच बनवणारे होते. स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावात १९२१ साली घड्याळांचा एक कारखाना निघाला. तिथे टॅक्सीमीटरही बनत. दुसऱ्या महायुद्धात त्यांची मागणी आटली, तेव्हा कारखाना मासेमारीच्या रिळांकडे वळला. हीच आबू कंपनी. १९५२ मध्ये तिने ‘अँबॅसडर ५०००’ बाजारात आणले. त्यात फिरकीच्या दांड्याला काटकोनात बारीक पिना असतात आणि त्यांवर छोटे ठोकळे सरकतात. फिरकी वेगात आली की ठोकळे बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला तर ते चौपट जोराने दाबतात. वेग उतरला की जवळपास गप्प बसतात. म्हणजे फेकीच्या सुरुवातीला, जिथे गुंत्याचा धोका सर्वांत मोठा, तिथेच हा पहिला लगाम कामाला येतो.

दुसरा लगाम चुंबकाचा. ॲल्युमिनियमच्या फिरकीला चुंबक चिकटत नाही, पण ती चुंबकासमोर फिरू लागली की धातूत विद्युतप्रवाह उमटतात आणि ते तिच्या गतीला विरोध करतात. काहीही घासत नाही, झिजत नाही. शिवाय चुंबक जवळ-दूर सरकवून ही पकड बाहेरूनच कमी-जास्त करता येते. तिसरा लगाम म्हणजे बाजूचे बोंड. ते आवळले की दांड्याची टोके दाबली जातात. हा दाब वेग पाहत नाही, सारखाच राहतो. म्हणून समुद्रकिनाऱ्यावरचे अनुभवी लोक तो कमीत कमी ठेवतात. बेअरिंगमधल्या तेलाचाही परिणाम होतो. घट्ट तेल घातले की फिरकी शांत होते, पातळ घातले की उधळते.

चौथा लगाम अंगठा. चेसिल किंवा डंजनेससारख्या गोट्यांच्या इंग्लिश किनाऱ्यांवर पट्टीचे फेकणारे शिसे सुटेपर्यंत फिरकी अंगठ्याने घट्ट दाबून धरतात. शिसे पाण्याला टेकण्याच्या क्षणी तोच अंगठा पुन्हा फिरकीवर उतरतो. हे दुसरे काम कोणत्याच ठोकळ्याला किंवा चुंबकाला पूर्ण जमत नाही, कारण शिसे एकदम थांबते आणि फिरकीला ते कळत नाही.

शिकणाऱ्याने म्हणूनच सगळे लगाम आवळून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच सैल करावा. जागा मोकळ्या मैदानाची हवी, गळाशिवाय नुसते शिसे, आणि पुढे-मागे-बाजूला कोणीही नको. तंगूस नायलॉनचा, एकेरी घ्यावा. विणलेली बारीक दोरी स्वतःच्याच थरांत रुतते. फिरकी काठोकाठ भरू नये, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी. गुंडाळताना अंगठ्याने तंगूस डावीकडून उजवीकडे सारखा पसरावा, एका बाजूला उंचवटा झाला की पुढच्या फेकीत गुंता ठरलेलाच. १५० ग्रॅम शिशासाठी पुढे ६० पौंडांच्या जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. तो शिशापासून काठीच्या टोकातून येऊन फिरकीवर निदान सात-आठ वेढे पडेल इतका लांब हवा. बारीक तंगूस फेकीच्या झटक्याने तुटला, तर शिसे बंदुकीच्या गोळीसारखे भलतीकडे जाते. जोडाची गाठ फिरकीच्या एका कडेला ठेवावी, अंगठ्याखाली आली तर कातडी सोलते.

पहिल्या फेकी अर्ध्या जोराच्याच असाव्यात. सुरुवातीला हिसका बसला की फिरकी शिशाच्या पुढे पळते. म्हणून काठी संथपणे हलवून जोर शेवटाकडे वाढवत न्यावा. वारा पाठीवर घ्यावा. समोरून आला तर शिसे लवकर मंदावते, तेव्हा चुंबक जवळ सरकवावा. काही फेकी स्वच्छ गेल्या, फिरकीवरचा तंगूस जराही फुगला नाही, की चुंबक थोडा मागे घ्यावा. फुगू लागला की परत पुढे आणावा.

एवढे करूनही गुंता झाला, तर टोक धरून ओढू नये. त्याने फास आवळतात. अंगठा फिरकीवर जोरात दाबून मुठीचे दोन-तीन फेरे द्यावेत, मग तंगूस हळूच बाहेर खेचावा. बहुतेक वेळा दुमडलेले फास चपटे होऊन निसटतात. जिथे तंगूस पांढरा पडला किंवा मुडपला असेल, तेवढा भाग कापून टाकावा; पुढच्या जोरदार फेकीत तो तिथेच तुटतो.

पुढच्या लेखांकात : जाड आणि बारीक तंगूस जोडणारी गाठ, आणि ती काठीच्या कड्यांतून न अडखळता कशी जावी.