विश्लेषण : खोल समुद्रातील वायूसाठ्याचा अंदाज का चुकतो?

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ‘डी ६’ ब्लॉकच्या मुख्य क्षेत्रांतून एप्रिल २००९ मध्ये नैसर्गिक वायू येऊ लागला. २०१० मध्ये ब्लॉकचे उत्पादन दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरवर गेले. त्यानंतर मात्र ते घसरतच राहिले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ही क्षेत्रे बंद झाली. भूरचना गुंतागुंतीची निघाली, असे रिलायन्सचे म्हणणे होते. तर ठरल्यापेक्षा कमी विहिरी खोदल्याचा सरकारचा आक्षेप होता. वाद लवादापर्यंत गेला.

साठा म्हणजे नेमके काय?

समुद्रतळाखाली वायूचे तळे नसते. वाळूच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत वायू साठतो आणि वरचा चिखलाचा घट्ट थर त्याला अडवून धरतो.

खोल समुद्रात वाळू आली कशी?

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या कृष्णा आणि गोदावरी लाखो वर्षे गाळ समुद्रात टाकत आल्या. किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या कडेवर साचलेला गाळ भूकंप किंवा पुरामुळे घसरतो आणि पाण्याखालून लोंढ्यासारखा उतारावर धावतो. १९२९ मध्ये कॅनडाजवळच्या समुद्रात भूकंप झाला, तेव्हा उतारावरील टेलिग्राफ केबल काही तासांत एकापाठोपाठ एक तुटत गेल्या. त्या अशाच लोंढ्याने तोडल्या, हे पुढे उलगडले.

मग अंदाज कुठे चुकतो?

हे लोंढे समुद्रतळावर नदीसारखी नागमोडी पात्रे कोरतात. पात्रात वाळू, आजूबाजूला चिखल. ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणात पात्राचा आकार दिसतो, पण वाळूमधले चिखलाचे पातळ पडदे अनेकदा दिसत नाहीत. विहीर तर फक्त त्या जागेची माहिती देते. वाळू सलग असेल, तर एक विहीर दूरवरचा वायू ओढते. मध्ये पडदे असतील, तर दाब लवकर उतरतो. खालचे पाणी वर चढले, तर विहीर निकामी होते. ‘डी ६’मध्ये दाब घटला आणि विहिरींत पाणीही शिरले.

मुंबई हाय वेगळे का?

१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायमध्ये तेल प्रामुख्याने चुनखडीत आहे आणि समुद्राची खोली जेमतेम ७५ मीटरच्या आसपास आहे. तिथे विहिरी वाढवून अंदाज पडताळणे तुलनेने स्वस्त पडते. ‘डी ६’मध्येच डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेले ‘आर क्लस्टर’ क्षेत्र मात्र २,००० मीटरहून अधिक खोल पाण्याखाली आहे. इतक्या खोलीवर प्रत्येक विहीर प्रचंड महाग असते.

म्हणून ‘मोठा साठा सापडला’ असे जाहीर झाले, की आकड्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : वाळू सलग असल्याचे किती विहिरींनी तपासले?