मुलांचा तृणज्वर आणि नाकातील फवारा

भाद्रपद सरत आला की आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरी एकच तक्रार ऐकू येते. पोर उठते ते शिंकतच. नाक गळते, डोळे चुरचुरतात, टाळूला खाज सुटते. रात्री नाक चोंदते म्हणून तोंड उघडे टाकून झोपते आणि दिवसा शाळेत पेंगते. सहामाही परीक्षा नेमकी याच दिवसांत असते. घरचे म्हणतात, "सर्दीच आहे, जाईल." पण अंगात ताप नाही आणि आठ दिवसांत जायची ती सर्दी दिवाळीपर्यंत मुक्काम ठोकते, तीही दर वर्षी. अशी सर्दी ही सर्दी नव्हे.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

या विकारास 'तृणज्वर' म्हणतात, पण त्यात ज्वर नसतो. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली स्वतःच्याच या दुखण्याचे वर्णन केले, आणि त्याचे मूळ परागकणांत आहे हे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली सप्रयोग मांडले. काही मुलांचे शरीर या निरुपद्रवी कणांस शत्रू समजते. मग नाकाच्या अस्तरातून हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते. शिंका आणि खाज ही त्याचीच करणी. पुढे अस्तर सुजते, आणि पराग रोज येत राहिला की ती सूजही उतरत नाही. जिनातील कापसाच्या धुळीने मोठ्या माणसांची छाती आवळते, तो विकार निराळा.

आपल्याकडे हा पराग अनेक गवतांचा व तणांचा असतो. त्यांतले एक सर्वांच्या ओळखीचे, गाजर गवत. अमेरिका खंडातले हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. खामगाव, मलकापूर, चिखली, कोठल्याही गावाच्या पडीक जागेत पावसानंतर त्याची पांढरी फुले दिसतात.

आता औषधाकडे वळू. नाकाच्या औषधाच्या दोन तऱ्हेच्या बाटल्या घरोघर येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली, चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणाऱ्या थेंबांची. ते थेंब रक्तवाहिन्या आवळतात. गुण काही तासांपुरता. तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरले, तर थेंब उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते आणि पोर बाटलीचे बांधील होते. लहान मुलांना ते डॉक्टरांवाचून देऊच नयेत.

दुसरी बाटली फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन यांसारख्या औषधाच्या फवाऱ्याची. ती सूजच उतरवते, पण सावकाश. पुरता गुण येण्यास एकदोन आठवडे लागतात. येथेच घोटाळा होतो. आईबाप दोन दिवस फवारा मारतात, "गुण नाही" म्हणून फेकतात आणि पुन्हा थेंबांच्या बाटलीकडे जातात. संघटना एका दिवसाच्या मोर्चावर उभी राहत नाही, महिन्याच्या वर्गणीवर राहते. या फवाऱ्याचेही तसेच आहे. तो रोज हवा, बरे वाटलेल्या दिवशीही हवा, आणि दर वर्षी त्रास होत असेल तर हंगामाच्या थोडा आधीपासून हवा.

"यात स्टेरॉइड असते ना?" ही भीती रास्त आहे. पण फ्लुटिकासोनच्या साध्या फवाऱ्यात एका वेळी ५० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. ते नाकातच काम करते. रक्तात फार थोडे उतरते. तरीही काही औषधे २ वर्षांपुढील, तर काही ४ वर्षांपुढील मुलांसाठी असतात. म्हणून निवड व मात्रा डॉक्टरांनी ठरवावी, आणि दीर्घकाळ वापर असल्यास मुलाची उंची मोजीत जावी.

मारण्याची रीत सोपी आहे. आधी नाक शिंकरावे, बाटली हलवावी, मान किंचित पुढे झुकवावी. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूस राहते. पडद्यावर फवारा बसला तर घोळणा फुटतो. जोराने ओढू नये, नाहीतर औषध घशात जाते. १२० फवाऱ्यांची बाटली दोन्ही नाकपुड्यांत रोज एकेक या हिशेबाने सुमारे दोन महिने पुरते. हंगामही साधारण तेवढाच.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव आला, तर आत हरभरा किंवा मणी अडकला असेल. छातीत घरघर असेल, तर दमा असू शकतो. दोन्ही वेळी थेट दवाखाना गाठावा.

राहिले गाजर गवत. ते फुलावर येण्यापूर्वी, श्रावणातच उपटले पाहिजे, आणि तेही मोठ्यांनी, हातमोजे घालून. एकाच घराने अंगण साफ करून भागत नाही, पराग शेजारच्या पडीक जागेतून येतो. म्हणून हे काम साऱ्या आळीने मिळून करावयाचे आहे.